हातोडीचे व्रण

खटकचिंचोळीतील एका जुन्या वाड्याच्या देवडीत, कंदिलांच्या आणि मोडक्या पाळण्याच्या आड, भिंतीला टेकवून ठेवलेल्या एका काठीने माझी दृष्टी धरून ठेवली: टोकाला पुढे वाकलेले लोखंडी पाते, मुठीवर काळवंडलेल्या कातड्याची गुंडाळलेली पट्टी, आणि कारागिराचा ठसा इतका झिजलेला की तो बोटानेच वाचावा. घरधनी म्हणाले, "आजोबांची आहे. सिकंदराबादच्या छावणीत दप्तरी होते. कुणा साहेबाच्या सामानाच्या लिलावात घेतली. कुत्री हाकलायला बरी पडते." ती हिकरी लाकडाची गोल्फची काठी होती. १९२९ साली सेंट अँड्र्यूजच्या नियामकांनी पोलादी दांड्यांना मुभा दिली आणि अशा काठ्यांची सद्दी संपली. आज त्यांचे संग्राहक जगभर आहेत. जुन्या लोखंडाला घासूनपुसून आरशासारखे करणारा संग्राहक मला रुचत नाही. झीज हीच त्या वस्तूची सनद होय.

पण खरा मोह चेंडूंचा. पूर्वीचा चेंडू म्हणजे कातड्याच्या कवचात टोपीभर उकडलेली पिसे ठासून शिवलेला गोळा. निष्णात हातांनाही दिवसाकाठी असे तीन-चारच साधत, म्हणून तो महाग. पुढे, आख्यायिका सांगते, सेंट अँड्र्यूजच्या पॅटरसन कुटुंबाकडे पूर्वेकडून विष्णूची मूर्ती आली आणि प्रवासात तिला इजा होऊ नये म्हणून पेटीत गटापर्चाचे, म्हणजे मलायातील वृक्षांच्या घट्ट झालेल्या चिकाचे, तुकडे भरलेले होते. घरातील रॉबर्ट नावाच्या तरुणाने तो भराव ऊन पाण्यात मऊ करून तळहातांवर वळला आणि त्याचा चेंडू केला. पूजेसाठी नव्हे, तर वाटेत देवाला जपण्यासाठी आलेल्या द्रव्याने एका खेळाचे भवितव्य पालटावे, हे मला फार मनोहर वाटते. मात्र नवा गुळगुळीत चेंडू हवेत डगमगे. खेळून ओरखडलेला सरळ जाई. हे ध्यानात येताच कारागीर नव्या चेंडूंवर हातोडीने मुद्दाम घाव घालू लागले. पिसांच्या चेंडूचा अभिमानी ॲलन रॉबर्टसन आणि त्याचा साहाय्यक टॉम मॉरिस यांचे या नव्या चेंडूवरूनच बिनसले, आणि १८५१ मध्ये टॉम प्रेस्टविकला गेला.

हौशी खेळाडूंत हॉयलेकचा जॉन बॉल मला विशेष प्रिय आहे. १८७८ मध्ये सोळाव्या वर्षीच ब्रिटिश ओपन स्पर्धेत खेळून त्याने बक्षिसाची किरकोळ रक्कम घेतली, आणि पुढे त्यावरून त्याच्या हौशीपणाचीच चिकित्सा झाली. तरी १८९० साली ओपन जिंकणारा तो पहिला हौशी ठरला, आणि ब्रिटिश हौशी अजिंक्यपद त्याने आठ वेळा मिळविले. आपल्याकडे कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ चा, आणि १९६५ साली पी. जी. सेठी यांनी हौशी असूनही इंडियन ओपन जिंकली.

तथापि मोबदला नाकारण्यातच प्रेम असते, हे मला मान्य नाही. येथून जवळच बिदरमध्ये जस्त-तांब्याच्या भांड्यावर नक्षी कोरून, तीत चांदीची तार ठोकून बसवणारा आणि किल्ल्यातील मातीने ते भांडे काळे करणारा कारागीर मजुरी घेतो. त्याची तन्मयता त्यामुळे उणी होत नाही. टॉमही पोटासाठीच चेंडू घडवीत होता. म्हणून संग्राहकांनी विजेत्यांच्या चषकांइतक्याच आस्थेने त्या कामगारांच्या हातोड्या, साचे आणि हिशेबाच्या वह्याही जतन कराव्यात, असे माझे निश्चित मत आहे.