गाणं टाकायचं कधी?

गाणं बसलं की लगेच टाकून मोकळं व्हावं, असं आमच्या भोवतीच्या बहुतेक बँडना वाटतं. कॅसेटच्या काळात कंपनी हो म्हणेपर्यंत थांबावं लागे. आता थोडे पैसे भरले की डिस्ट्रिब्युटर तुमचं गाणं स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक, जिओसावन असं सगळीकडे पोचवतो. अडवणारं कोणी उरलं नाही, म्हणून थांबायचं कुठे हे आपलं आपणच ठरवावं लागतं. मी नाशिकच्या एका छोट्या बँडमध्ये गिटार वाजवतो आणि चाली बांधतो. इतक्या वर्षांनी माझं मत पक्कं झालंय : गाणं तयार आहे की नाही, हे बँडने नाही, श्रोत्याने सांगावं.

आमचं प्रत्येक नवं गाणं आधी लोकांसमोर वाजतं. कॉलेजचं गॅदरिंग, कॅफेतली संध्याकाळ, एखाद्या सोसायटीचा गणपती, जिथे बोलावतील तिथे. कार्यक्रम संपून आम्ही वायरी गुंडाळत असतो तेव्हा कोणीतरी येऊन विचारतं, ‘‘दादा, ते ढोलकीवालं गाणं कुठे ऐकायला मिळेल?’’ विचारणारा ना नात्यातला, ना मित्रांतला. असा प्रश्न दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणी आला की आम्ही स्टुडिओची तारीख घेतो. आला नाही तर गाणं तालमीत परत जातं. काही गाणी तिथेच राहिली आहेत, आणि ते बरंच झालं.

लोकांपुढे वाजवल्याने गाणं बदलतंही. आमच्या एका केरव्यातल्या गाण्यात अंतऱ्यावरून मुखड्यावर येताना ढोलकीवाला तोच बोल तीनदा वाजवत तिहाई घ्यायचा. कॅफेत ती सुरेख वाटायची. मंडपात, उघड्यावर, ती आवाजात विरून जायची आणि लोकांच्या टाळ्या सम यायच्या आधीच पडायच्या. आम्ही तिहाई काढली, तिथे साधा उठाव ठेवला, आणि टाळ्या समेवर आल्या. रेकॉर्डिंग झालं ते त्यानंतर. बंद खोलीत हेडफोन लावून हे आम्हाला कधीच कळलं नसतं.

एका वेळी एकच गाणं द्यावं, या मताचा मी आहे. इंडियन ओशनसारख्या मोठ्या बँडनेही २०१० मध्ये ‘१६/३३० खजूर रोड’ या अल्बमची गाणी दर महिन्याला एक अशी इंटरनेटवर फुकट दिली होती. छोट्या बँडला तर आता याचं रोख कारणही आहे. २०२४पासून स्पॉटिफायवर मागच्या बारा महिन्यांत १,००० वेळा वाजल्याशिवाय गाण्याला रॉयल्टी मिळत नाही. पाच गाणी एकदम टाकली आणि आपले श्रोते त्यांत विखुरले, तर पाचही गाणी त्या रेषेखाली राहतात. रेषेच्या वर गेलं तरी मिळते ती रक्कम किरकोळच. आमचं पोट कार्यक्रमांवर चालतं. म्हणून गाणं येईल त्याच महिन्यात ते वाजवायला निदान दोन कार्यक्रम हातात हवेत.

महिना कोणता? गणपतीच्या आधी मोठ्या कंपन्यांची गाणी धो धो येतात. त्या गर्दीत आपण हरवतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये आमचा तरुण श्रोता परीक्षेत असतो. पितृपक्षात नवं काही काढायला लोक कचरतात, पण त्या दिवसांत स्टुडिओ मोकळे मिळतात, मिक्सिंग निवांत होतं. मला सगळ्यात आवडतो तो कोजागिरीचा सुमार. लोक गच्चीवर बसलेले असतात, दूध आटत असतं आणि गाणं ऐकायला वेळ असतो. २०१५पासून जगभर नवी गाणी शुक्रवारी येतात, म्हणून कोजागिरीच्या आधीचा शुक्रवार धरायचा आणि तीन-चार आठवडे आधी गाणं चढवायचं. स्पॉटिफायच्या प्लेलिस्ट निवडणाऱ्या संपादकांकडे गाणं सुचवायचं तर ते प्रकाशनाच्या निदान सात दिवस आधी सुचवावं. नावाचं स्पेलिंगही तेव्हाच एकदा पक्कं करून सगळीकडे तेच ठेवावं. आपला श्रोता मराठी गाणं रोमन लिपीत शोधतो, आणि ‘पाऊस’ चार जण चार तऱ्हांनी लिहितात.

आता कागद. हे काम कोणालाच आवडत नाही, आणि बँड फुटतात ते इथेच. अभंग करणार असाल तर तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत. लताबाईंनी गायलेली श्रीनिवास खळ्यांची चाल मात्र सगळ्यांची नाही. आपल्या कायद्यात संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क टिकतो, आणि खळेकाका गेले २०११मध्ये. त्यामुळे ती ‘पारंपरिक’ म्हणून टाकता येत नाही; परवानगी घ्या, नाहीतर स्वतः चाल बांधा. स्वतःची चाल असेल तर गीतकाराने आणि संगीतकाराने आयपीआरएस या रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सभासद व्हावं आणि गाणं तिथे नोंदवावं. पण आयपीआरएसचे पैसे गीतकार-संगीतकारांचे. ढोलकीवाल्याला, बासवाल्याला त्यातून काही मिळत नाही. मघाच्या केरव्यातल्या गाण्याची चाल माझ्या नावावर असली तरी मुखड्याआधीचा तो उठाव ढोलकीवाल्याने शोधलेला आहे. त्याचा वाटा बँडनेच लिहून ठेवायला हवा, आणि तो रेकॉर्डिंगच्या आधी. गाणं चाललं की आठवणी बदलतात. आम्ही एका साध्या कागदावर नावं आणि टक्के लिहितो, सगळे सह्या करतात, मग स्टुडिओत जातो. क्रेडिटमध्येही वाजवणाऱ्या प्रत्येकाचं नाव जातं.

तुम्ही वाजवणारे नसाल, नुसते ऐकणारे असाल, तर तुमच्याकडे एक मागणं आहे. गावातल्या बँडचं एखादं गाणं आवडलं तर टाळ्या वाजवून निघून जाऊ नका. स्टेजपाशी या आणि ते कुठे मिळेल, विचारा. अजून कुठेच मिळत नसेल, तर ते बाहेर येईल की नाही, हे बऱ्याचदा तुमच्या त्या विचारण्यावर ठरतं.