परत आणि मागे

‘परत घेणे’ आणि ‘मागे घेणे’ हे शब्दप्रयोग अर्थाने शेजारी. पण एकाच्या जागी दुसरा बसत नाही. उसने दिलेले पुस्तक आपण परत घेतो, संप मागे घेतो. परत घेतलेली वस्तू हाती येते आणि समोरच्याकडे उरत नाही. मागे घेण्यात मात्र हाती काहीच येत नाही. उमेदवारी अर्ज मागे घेतला तरी तो भरल्याची नोंद राहते. शब्द मागे घेतला तरी ऐकणाऱ्याच्या मनातून तो जात नाही.

हा भेद आम्हांला खऱ्या अर्थाने जाणवला तो यवतमाळच्या ९२व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या वेळी. नयनतारा सहगल यांनी २०१५ साली साहित्य अकादमी पुरस्कार परत केला होता. त्यांनाच संमेलनाच्या उद्घाटनासाठी दिलेले निमंत्रण जानेवारी २०१९ मध्ये मागे घेण्यात आले. भाषण तर लिहून झाले होते. व्यासपीठावर न झालेले ते भाषण वृत्तपत्रांनी छापले आणि मंडपात मावले नसते इतक्या वाचकांपर्यंत ते पोचले.

निमंत्रण मराठीच्या नावाने गेले होते. म्हणून ते मागे घेण्याचा उणेपणा केवळ आयोजकांचा नाही, आम्हां मराठी वाचकांच्याही वाट्याला तो येतो. शब्द मागे घेतला जातो, तेव्हा शब्द असतो तिथेच राहतो. मागे सरतो तो शब्द देणारा.