कॅन्सर झाला तरी ड्युटी आहेच

आमच्या वस्तीत कॅन्सरला कॅन्सर कोणी म्हणत नाही. ‘मोठा आजार’ म्हणतात, तेही दार लोटून. मी नाव घेऊनच लिहिते. २०१८ साली मला स्तनाचा कॅन्सर झाला, तेव्हा मी साकीनाक्याच्या एका कंपनीत पॅकिंगला होते. राहायला घाटकोपर पूर्वेला. दोन मुले शिकणारी, मिस्टरांची नोकरी कंत्राटी. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितले, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो पगाराचा. जिवाचा विचार रात्री आला. कमावून खाणाऱ्या बायांना याचे नवल वाटणार नाही.

माझे ई.एस.आय. कापले जायचे. पगाराच्या चिठ्ठीवर ती कपात पाहून आम्ही बाया दर महिन्याला कुरकुर करायचो. त्याच कपातीवर आमचे घर चालले. पहिले ९१ दिवस मजुरीच्या ७० टक्के भत्ता मिळाला. पुढे कॅन्सर, टी.बी. अशा लांबणाऱ्या आजारांचा वाढीव भत्ता, तो ८० टक्के. दोन वर्षे सलग नोकरी आणि तेवढ्या काळात १५६ दिवसांची वर्गणी, ही त्याची अट. भत्ता चालू असेपर्यंत मालकाला कामावरून काढता येत नव्हते. म्हणूनच की काय, ऑफिसातले साहेब गोड बोलून म्हणाले, “राजीनामा लिहून द्या, बऱ्या झालात की परत घेऊ.” माझी मुलगी तेव्हा बारावीला. तिने कागद वाचला आणि मला सही करू दिली नाही. कामगारांच्या या आरोग्य विम्याची आखणी करणारा अडारकर अहवाल १९४४ साली आला, तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते बाबासाहेबांकडे होते, हे मला त्या आजारपणात कळले.

पण माझी धाकटी जाऊ मुलुंडला तीन घरची धुणीभांडी करते. तिची ना कपात, ना भत्ता. महात्मा फुले योजनेतून उपचार होतील, बुडालेल्या पगाराचे काय? चार दिवस गेली नाही तर दुसरी बाई ठेवतात.

अकरा महिन्यांनी मी कामावर परत गेले. केस बोटभर आले होते, डोक्याला रुमाल. चहाच्या वेळी माझ्यासाठी वेगळा कप आला. स्टीलचा, कडेला लाल नेलपॉलिशचा ठिपका. कोणी काही बोलले नाही. आपल्या लोकांना वेगळ्या कपाचा अर्थ कोणी समजावून सांगायला नको. माझ्या आजीने ओंजळीत पाणी पिऊन दिवस काढले. केमोथेरपीत मी रडले नव्हते, त्या कपापुढे डोळे भरले. मी तो परत दिला आणि मोठ्याने म्हटले, “हा रोग कपाने लागत नाही. लागला असता तर माझी पोरे आधी आजारी पडली असती.” लाइनवरच्या एका वयस्कर मावशींनी माझ्या हातातला अर्धा चहा घेतला आणि पिऊन टाकला. दुसऱ्या दिवशी ठिपक्याचा कप दिसला नाही.

हाताचा त्रास राहिलाच. काखेतल्या गाठी काढल्या की त्या बाजूचा हात सुजू शकतो. शिकवलेला व्यायाम रोज करायचा, त्या हाताला चटका, काप लागू द्यायचा नाही, सूज दिसली की लगेच दाखवायचे. खोकी उचलण्याऐवजी लेबल लावायचे काम द्या, असे मी डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून मागितले. मिळाले, कुरकुरत मिळाले.

तपासणीला परळच्या टाटाला जाताना लोकलमध्ये अपंगांच्या डब्यात कॅन्सर पेशंटला बसता येते. तिथेही “तुम्ही तर धडधाकट दिसता” हे ऐकावे लागतेच! कागद जवळ ठेवावा.

मनाचे दुखणे कोणाला दाखवणार? घरात सगळे ‘धीर धर’ म्हणतात आणि विषय बदलतात. टाटात व्ही केअर संस्थेच्या बाया भेटल्या. कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या वंदना गुप्ता यांनी १९९४ साली ती सुरू केली. त्यांच्यातल्या एका बाईने स्वतःच्या ऑपरेशनला किती वर्षे झाली ते सांगितले. बाकीचे बोलणे मी विसरले, तो आकडा घेऊन घरी आले. त्या रात्री झोप लागली.

टाटाच्या डॉक्टरांनी १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांतल्या दीड लाख बायांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या बायांची स्तनतपासणी शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने केली. २०२१ साली निष्कर्ष छापला गेला. पन्नाशी ओलांडलेल्या बायांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले होते. मशीन नाही, शिकवलेला हात. आमच्या लाइनवर मी हे चहाच्या वेळी सांगितले, तर सगळ्या हसल्या.

सुट्टी झाल्यावर एक जण मागे थांबली. नवीनच लागली आहे, कळव्याहून येते. म्हणाली, “ताई, मला गाठ लागते, दुखत नाही, म्हणून कोणाला बोलले नाही.” न दुखणारी गाठसुद्धा दाखवावीच लागते, हे तिला सांगितले. मंगळवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे. तिच्याबरोबर जाणार आहे.