कवीचं घर, पोराचा प्रश्न

आम्ही नालासोपाऱ्याचे. आमचं जाणंयेणं बुरुडराजाच्या कोटाकडे, म्हंजे स्तूपाकडे. कवीच्या घराशी आमचा काय संबंध? तरी मालगुंडला गेलो. गणपतीपुळ्याजवळ, समुद्राकाठी केशवसुतांचं कौलारू जन्मघर. १९९४ पासून स्मारक.

लोक येतात, 'तुतारी'चं नाव घेतात, फोटो काढतात. काढोत. पण मित्रांनो, याच माणसाने १८८८ साली 'अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न' ही कविता लिहिली. पोराला हाकलतात. पोर घरी येऊन आईला विचारतं, का? दामल्यांच्या घरात जन्मून त्याने हा प्रश्न ऐकला, हे मानलंच पाहिजे. पण ऐकणं म्हंजे सोसणं नव्हे. ज्याने सोसलं त्या पोराचं घर कुठं आहे? ते कोण जपणार?

कवितेनंतर तीनच वर्षांनी, १८९१ साली, भीमराव जन्मले. त्यांचं मूळ गाव आंबडवे, याच रत्नागिरी जिल्ह्यात. १९२७ ला महाडच्या तळ्यात ओंजळ बुडाली नि पोराच्या प्रश्नाला उत्तर मिळालं. प्रश्न कवीने लिहिला. उत्तर आपल्या माणसांनी दिलं, डोकी फोडून घेऊन.

मालगुंडला जरूर जा. पण तिथं ती कविता मोठ्यानं वाचा. फोटो काढणाऱ्यांना ऐकू जाईल अशी.