एकादशीचा घास

माउली, एकादशीला मला खाताना पाहिलंत तर रागावू नका. वयाच्या नवव्या वर्षापासून मी इन्सुलिन टोचतो. माझ्या शरीरात ते तयारच होत नाही. (गोड खाऊन हे जडलं नाही, कारल्यानं जातही नाही.)

पहिल्या वारीत दिवे घाटाच्या दिवशी कडकडीत उपवास धरला, सुई मात्र रोजच्याएवढीच घेतली. चढणीवर दरदरून घाम फुटला, हातातले टाळ निसटले. दिंडीतल्या एका आजीनं डोक्यावरची तुळस उतरवली, गाठोड्यातली साखर माझ्या तोंडात घातली. “इठ्ठल न्हाई रुसत, गीळ.” तिची स्वतःची एकादशी निर्जळी होती.

आता चढणीआधी बोट टोचून साखर बघतो. ७० च्या खाली असली की बसतो. १५ ग्रॅम ग्लुकोज, १५ मिनिटं नामस्मरण, पुन्हा तपासणी. दिंडी पुढं जाते. मी मागून येतो.