शून्यावर परतणारा काटा

तबकडीच्या जुन्या वजनकाट्याचा जीर्णोद्धार म्हणजे त्याचे पितळ घासूनपुसून लखलखीत करणे, असा समज सर्रास आढळतो. परंतु वजनकाटा हे मुळात मापनाचे साधन असल्यामुळे, भार उतरवल्यावर काटा आपल्या आपण शून्यावर परततो की नाही, हीच या कामाची खरी कसोटी होय.

दोन पारड्यांच्या तराजूत वस्तूची तुलना प्रत्यक्ष मापाशी होते आणि पारड्यांतला मूळचा फरक पासंगाने, म्हणजे हलक्या बाजूला बांधलेल्या लहानशा भाराने, भरून काढतात. तबकडीच्या काट्यात समोर माप नसते. तिथे साक्ष द्यायला एकटी स्प्रिंग असते. भाराच्या प्रमाणात स्प्रिंग ताणली जाते, हा रॉबर्ट हूक यांनी १६७८ मध्ये प्रसिद्ध केलेला नियम या यंत्राचा पाया आहे. ताणल्या जाणाऱ्या स्प्रिंगबरोबर दंतपट्टी, म्हणजे एका कडेला दाते असलेली सरळ पट्टी, खाली सरकते, ती पिनियन नावाचे लहान दंतचक्र फिरवते आणि त्याच्या आसावर बसवलेला काटा तबकडीवर वजन दाखवतो. स्प्रिंग गुरुत्वाकर्षणाची ओढ मोजत असल्यामुळे, इंग्लंडमधील वेस्ट ब्रॉमिच येथील सॉल्टरसारख्या वजनकाट्यांच्या कारखान्यात जुळवलेला काटा मुंबईत आणल्यास तो निर्दोष असूनही सुमारे पाव टक्का कमी वजन दाखवतो. म्हणून तपासणी नेहमी जिथे वापर होणार तिथेच, खात्रीच्या मापांनी करावी लागते.

स्वच्छतेत सर्वाधिक जपावी लागते ती तबकडी. भाजून बसवलेल्या एनॅमलला साबणाचे कोमट पाणी सोसते, पण रंगवलेल्या पत्र्यावरचे आकडे रॉकेलने किंवा पितळेच्या पॉलिशने कायमचे निघून जाऊ शकतात. त्यामुळे ओलसर कापसाचा बोळा आधी काठाजवळच्या कोपऱ्यावर फिरवून तो रंग धरतो का, हे पाहणे इष्ट असते. तबकडीवर रत्तलाचे आकडे असल्यास ते पुसून किलोचे काढू नयेत, कारण १९५६ च्या कायद्याने भारतात मेट्रिक पद्धत येण्यापूर्वीच्या बाजाराचा तो पुरावा असतो. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असल्याने तो कोरडा घासणेही टाळावे. स्प्रिंगवरचा गंज रॉकेल आणि मऊ ब्रशने धीराने सोडवावा. ती तापवली तर पोलादाचे पाणी उतरते आणि आम्लात बुडवली तर त्या क्रियेतून निघणारा हायड्रोजन धातूत शिरून तिला ठिसूळ करतो.

दोष ओळखण्याची रीत मात्र निरीक्षणाची आहे. प्रत्येक भाराला सारखाच फरक येत असेल, तर शून्य सरकलेले असते. भाराबरोबर फरक वाढत जात असेल, तर संशय स्प्रिंगवर जातो. एकाच आकड्यापाशी काटा अडखळत असेल, तर तिथला दाता झिजलेला किंवा मळाने भरलेला असतो. भार ठेवल्यावर काचेवर बोटाने हलकी टिचकी मारली आणि काटा किंचित उडी घेऊन पुढे थांबला, तर आत घर्षण आहे असे समजावे. बहुधा त्याचे कारण दोन दात्यांच्या खाचेत पीठ आणि जुने तेल मिळून बनलेली, मेणासारखी चिकट काळी रेघ असते. ती टोकदार काडीने काढावी आणि नंतर दात्यांवर तेल ओतण्याऐवजी आसाच्या टोकांना घड्याळाच्या तेलाचा एखादा थेंब द्यावा, कारण तेलकट दाते पुन्हा धूळ गोळा करतात.

बहुतेक काट्यांना शून्य जुळवण्याचा एक स्क्रू असतो आणि तो सर्वांत शेवटी फिरवावा, हा या कामातील सर्वांत महत्त्वाचा नियम होय. तो आरंभीच फिरवला, तर काटा शून्यावर उभा राहतो खरा, पण थकलेली स्प्रिंग किंवा वाकलेली पट्टी त्या शून्यामागे दडून बसते, आणि तराजूची दांडी न तपासता बांधलेल्या पासंगासारखी ती दुरुस्ती फसवी ठरते. माप चढवताना आणि उतरवताना काटा त्याच आकड्यावर थांबू लागला, की या स्क्रूला फार थोडेच फिरावे लागते. ते थोडेपण हीच आतले काम नीट झाल्याची खूण असते.