वाटणीत न आलेले झाड

आमच्या घराची वाटणी २०११ साली झाली. चार दिवस कागद-लेखणी चालली होती. पिंपरी बाजारातील हार्डवेअरचे दुकान, वरचे राहते घर, चाकणच्या रस्त्यावरील गोदाम, चांदीची भांडी, इतकेच काय, लग्नकार्यात लागणारी मोठी पातेलीसुद्धा यादीत आली. समाजातील दोन जाणते गृहस्थ पंच म्हणून बसले होते. त्यांनी न्याय केला नाही, असे मी आजही म्हणणार नाही. परंतु गोदामाच्या किमतीवरून दोघा भावांत शब्दाला शब्द लागला आणि तो कोणत्याही यादीत लिहिता आला नाही. दुकान व घर थोरल्यांकडे राहिले. गोदाम आमच्या वाट्याला आले आणि आम्ही निगडीच्या प्राधिकरणात राहावयास गेलो. अंतर जेमतेम सहा-सात किलोमीटर. पण पुढील आठ वर्षे ते सहज म्हणून कुणीच ओलांडले नाही.

त्या यादीत एक वस्तू लिहावयाची राहून गेली होती. जुन्या घराच्या मागील गॅलरीत, पाण्याच्या टाकीशेजारी, सासूबाईंची ब्रह्मकमळाची कुंडी होती. तिची किंमत कुणी केली नाही आणि हिस्साही कुणी मागितला नाही. जेथे होती तेथेच ती राहिली.

सासूबाईंना आम्ही सारे ‘बाई’ म्हणत असू. त्यांना ते झाड हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या वसाहतीतील एका बाईंनी दिले होते. हा कारखाना १९५४ साली पिंपरीत उभा राहिला, त्याच्या वसाहतीत गर्द झाडी झाली आणि तेथील घराघरांतून रोपांची देवघेव चाले. त्या बाईंचे यजमान आमच्या दुकानाचे नेहमीचे गिऱ्हाईक. एके दिवशी खिळे-बिजागऱ्या नेताना त्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले एक लांबट, चपटे पान बाईंच्या हाती देऊन गेल्या. मी १९८६ साली लग्न होऊन या घरात आले, तेव्हा त्या एका पानाचे माणसाच्या उंचीचे झाड झाले होते.

वर्षभर त्या झाडाकडे कुणी पाहत नसे. पाहण्यासारखे त्यात होते तरी काय? लोंबणारी हिरवी पाने आणि काठीला बांधलेल्या वेड्यावाकड्या फांद्या. मात्र आषाढ-श्रावणात पानाच्या कडेवरील खाचेत गव्हाच्या दाण्याएवढी कळी दिसू लागली की बाई रोज सकाळी तिची विचारपूस करीत. कळी वाढू लागली की तिचा देठ खाली लोंबे. मग उमलण्याच्या सुमारास तो गळासारखा वळून कळीचे तोंड वर उचलून धरी. कळी फुगली, तिचे टोक किंचित सैल झाले की बाई म्हणत, “आज रात्री.” आणि त्यांचा अंदाज क्वचितच चुके.

त्या रात्री शेजारपाजारचे सारे आमच्या गॅलरीत येत. आठ-साडेआठला पाकळ्या हलू लागत आणि अकरा-बाराच्या सुमारास बशीएवढे शुभ्र फूल पूर्ण उघडे. तिसऱ्या पाळीला निघालेले कामगार खालच्या रस्त्यावर थांबून ‘हा वास कशाचा?’ म्हणून वर पाहत. एरवी अशा वेळी घरोघरी चहा किंवा मसाल्याचे दूध होते. आमच्याकडे सूर्यास्तानंतर चूल पेटत नसे आणि बाईंचा तर चौविहार, पाण्याचा घोटही नाही. तेव्हा पाहुण्यांना देण्यासारखे आमच्यापाशी सुगंधाशिवाय काही नसे. कुणी हौसेने फूल मागितले तर बाई हसून नाही म्हणत. आम्ही स्थानकवासी, फुले वाहण्याची रीत आमच्यात नाही. “एका रात्रीचे आयुष्य आहे त्याचे, ते तरी पुरे जगू द्या,” एवढेच त्या म्हणत. पहाटे फूल मान टाकी, ओल्या वस्त्रासारखे लोंबू लागे आणि सारे आपापल्या कामाला लागत.

या झाडाचे नाव आपण उसने घेतले आहे, हे मला पुष्कळ उशिरा कळले. खरे ब्रह्मकमळ हिमालयात, साधारण ३,७०० ते ४,६०० मीटर उंचीवर उगवते. ते सूर्यफुलाच्या कुळातील असून उत्तराखंडाचे राज्यपुष्प आहे. आपल्याकडे गॅलरीत फुलते ते दूरच्या मेक्सिको व मध्य अमेरिकेच्या जंगलातील एक निवडुंग. तेथे ते मोठ्या वृक्षांच्या खोडावर, ढोलीत साचलेल्या पालापाचोळ्यात वाढते, परंतु वृक्षाचा रस शोषीत नाही. केवळ आधार घेते. रात्री उडणाऱ्या मोठ्या पतंगांना अंधारात वाट सापडावी म्हणून त्याचा रंग शुभ्र आणि गंध तीव्र. आणि ज्याला आपण पान म्हणतो ते पान नव्हेच, ते चपटे झालेले खोड आहे. म्हणूनच त्याच्या कडेला कळ्या येतात, आणि म्हणूनच त्याचा एक तुकडा मातीत लावला की त्यापासून पूर्ण झाड होते.

घर सोडताना शेवटच्या दिवशी मी कुणालाही न विचारता त्या झाडाचे एक पान तोडून पिशवीत टाकले. ती चोरीच होती, हे मला तेव्हाही ठाऊक होते. मनात राग होता; एवढे तरी आपले असावे, असा हट्ट होता. निगडीस पोचताच मी ते काळ्या मातीत रोवले आणि सकाळ-संध्याकाळ पाणी घातले. पंधरा दिवसांत ते बुडापासून पिवळे, मग तपकिरी झाले आणि बोट लावताच लगदा हाती आला.

पुढे बाई काही दिवस आमच्याकडे राहावयास आल्या, तेव्हा मी त्यांना हे सांगून टाकले. चोरीविषयी त्या काही बोलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, “ताजा घाव ओल्या मातीत पुरला की सडतोच. आधी तो सावलीत सुकू द्यावा लागतो. तुला घाई झाली.”

बाई २०१५ साली गेल्या. उठावण्याच्या वेळी दोघे भाऊ एका सतरंजीवर शेजारी बसले होते. आलेल्यांना दोघांनी हात जोडले, एकमेकांशी मात्र बोलले नाहीत. दरवर्षी संवत्सरीला दोन्ही घरांतून मिच्छामि दुक्कडम् जाई-येई. आधी छापील कार्डावर, नंतर मोबाईलवर. मजकूर तोच, खाली कुटुंबाचे नाव. क्षमा मागितल्याचे समाधान आम्हा सर्वांना होते. माझ्यापुरते सांगायचे तर मी ते संदेश पाठविताना कुणाचाही चेहरा डोळ्यांपुढे आणीत नसे.

२०१९ च्या पावसाळ्यात, पर्युषणास आठ-दहा दिवस असताना, रात्री आठच्या सुमारास मोठ्या जाऊबाईंचा फोन आला. “बाईंच्या झाडाला अकरा कळ्या आल्या आहेत. आज उमलतील. येता का?” मी ह्यांच्याकडे पाहिले. हे बराच वेळ हिशेबाच्या वहीवर मान घालून बसले. मग वही मिटली आणि चपला घातल्या.

गॅलरीत अकरा फुले उघडत होती. दोघे भाऊ दोन खुर्च्यांवर बसले. मी आणि जाऊबाई दारात उभ्या होतो. अर्धा तास कुणी बोलले नाही. मग थोरल्यांनी विचारले, “चाकणच्या गिऱ्हाइकांकडून वसुली वेळेवर होते का?” हे म्हणाले, “होते. दोन-तीन ठिकाणी अडकली आहे.” थोरले म्हणाले, “धंद्यात तेवढे चालायचेच.” पुन्हा शांतता. वाटणीचा विषय निघाला नाही आणि कुणी डोळे पुसले नाहीत. परंतु आम्ही उठलो तेव्हा बारा वाजून गेले होते.

निघताना मी जाऊबाईंना धीर करून म्हटले, “भाभीजी, एक पान द्याल?” आणि २०११ साली न विचारता नेलेल्या पानाचीही कबुली दिली. त्या म्हणाल्या, “दुसऱ्या दिवशीच दिसले होते मला. ताजी खूण होती.” आठ वर्षे त्यांनी ती गोष्ट कुणाजवळ काढली नव्हती. “आता रात्री झाडाला हात लावायचा नाही. आणि उद्यापासून पाहुणे, मग पर्युषण. त्या दिवसांत आपण हिरवे कापत नाही. नंतर पाठविते.”

संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी पुतण्या आला. आमच्या पाया पडून त्याने क्षमा मागितली आणि एक पिशवी दिली. आत वीतभर लांबीची, जून झालेली दोन पाने होती. एका टोकाला दोघांनाही लाल दोरा बांधलेला. “मम्मी म्हणाली, दोऱ्याचे टोक मातीत. उलटे लावू नका.” ज्या बाजूने पान झाडाला जोडलेले असते तीच बाजू खाली जावयास हवी, तुकडा हातात आल्यावर ती ओळखू येत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले होते.

या वेळी मी घाई केली नाही. पाने सावलीत, हवेशीर जागी वर्तमानपत्रावर ठेवली. दहा दिवसांत कापलेली कड सुकून कोरडी, कडक झाली. मग लहान कुंडी घेतली, कारण मोठ्या कुंडीत ओल फार काळ टिकते. तळाशी विटांचे तुकडे घातले. दोन भाग साधी माती, एक भाग जाड वाळू, एक भाग नारळाचा भुसा आणि मूठभर जुने, पूर्ण कुजलेले शेणखत असे मिश्रण केले. दोऱ्याचे टोक दोन बोटे खोल रोवले आणि पान डुलू नये म्हणून काडीला सैल बांधले. पहिला आठवडा पाणी नाही. नंतर वरची माती कोरडी दिसेल तेव्हाच थोडे. कुंडी पूर्वेकडील खिडकीत, कोवळे ऊन मिळेल पण दुपारचे लागणार नाही अशी ठेवली. महिना-सव्वा महिन्याने पान हलकेच ओढून पाहिले. ते हातात आले नाही. मातीने त्याला धरले होते.

त्यानंतरची प्रतीक्षा मात्र मोठी होती. पुढच्या वर्षी टाळेबंदी आली, गोदाम दीड-दोन महिने बंद राहिले. त्या दिवसांत घरात नवे म्हणून काही घडत असेल तर ते या कुंडीत: तांबूस कोंब, मग बोटभर लांब काठी, मग तिला फुटलेले पान. दोन वर्षे फूल नाही. हे थट्टेने म्हणत, “भांडवल गुंतविले, व्याज काही दिसत नाही.” २०२२ मध्ये एक कळी आली, मी कौतुकाने कुंडीची जागा बदलली आणि ती गळून पडली. कळी धरलेले झाड हलवू नये, हा धडा त्या कळीने दिला. २०२३ च्या श्रावणात दोन आल्या आणि दोन्ही टिकल्या. त्या संध्याकाळी फोन मी केला. थोरले व भाभीजी सूर्यास्तापूर्वीच आले, आमच्याकडे जेवले आणि मध्यरात्री परतले.

गोदामाच्या किमतीचा प्रश्न कधी सुटला, असे वाचकांना वाटत असेल तर तसे झालेले नाही. त्या शब्दांबद्दल आजवर दोघेही बोललेले नाहीत; कदाचित बोलणारही नाहीत. आम्ही व्यापारी माणसे. एक वस्तू दोघांत वाटली की प्रत्येकाकडे अर्धी राहते, हा आमचा रोजचा हिशेब. त्या कुंडीने मला दुसरा हिशेब दाखविला: पान दिले म्हणून जुने झाड अर्धे झाले नाही आणि माझे झाडही अर्धे आले नाही. मात्र त्यासाठी पान मागून घ्यावे लागले, आणि कापलेल्या जागेला सुकण्यापुरते दिवस द्यावे लागले.

यंदा पिंपरीची ती जुनी इमारत पुनर्विकासासाठी पाडावयाची ठरली. भाभीजी भाड्याच्या घरात गेल्या. सामान हलविताना बाईंची कुंडी जिन्यात पडून फुटली आणि जुने खोड मुळापासून मोडले. तुकडे वेचून लावले, तेही त्या धावपळीत कुजले. फोनवर त्यांचा आवाज बाई गेल्या तेव्हा होता तसाच होता. मी दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या झाडाची तीन जून पाने कापली, खालच्या टोकांना लाल दोरा बांधला आणि हे स्वतः ती पिशवी घेऊन थोरल्यांकडे गेले.

काल मी भाभीजींना विचारले, “लावलीत का?”

“नाही अजून,” त्या म्हणाल्या. “स्वयंपाकघराच्या खिडकीत सुकत ठेवली आहेत. आज सहावा दिवस. अजून चार दिवस जाऊ देत.”